झग्याला तीनच मापं

४ एप्रिल

धाकटे,

कागदावर लिहिलंय म्हणून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन माझा, पण तो असतो भिंगरीच्या हातात. त्यावर तुला काही लिहिलं की माझ्याआधी तीच वाचते. म्हणून शिलाईच्या वहीतलं पान फाडलं. मागच्या बाजूला कुणाच्या तरी ब्लाऊजची मापं आहेत, ती वाचू नकोस.

तुझी भाची गेले दोन महिने घरात असून घरात नसते. जपानी चित्रांची मालिका बघते. कार्टून म्हटलं की नाक उडवते. "आई, कार्टून नाही गं, ॲनिमे!" मालिकेचं नाव 'ढगबंदर'. ढगांना दोर बांधून धक्क्याला लावतात म्हणे, आणि एक मुलगी शिडीवर चढून दिवे लावत फिरते. भिंगरीच्या सगळ्या वह्यांवर तीच, बशीएवढ्या डोळ्यांची. गणिताच्या वहीतसुद्धा लसावि एका कोपऱ्यात आणि ढग पानभर.

मालिकेचं एक वेळ ठीक. पण त्या मालिकेवर जीव टाकणाऱ्यांचा फोनवर एक गट आहे, दोनशे-अडीचशे जणांचा. त्याला 'तिसरी शिडी' म्हणतात. तिथे ही 'निळाई' आहे. मी ठेवलेलं नाव तिकडे कुणाला माहीत नाही. कोण आहेत ती माणसं, केवढी आहेत, मला काही कळत नाही. मी खोलीत शिरले की फोन उलटा होतो.

समोरची पार्लरवाली म्हणाली, घे काढून. मी एक दिवस घेतला काढून. रडली नाही, भांडली नाही. भिंतीकडे बघत बसली, भिंतीतून पलीकडचं दिसत असल्यासारखी. रडली असती तर बरं वाटलं असतं गं.

हे गाडी घेऊन गेले की चार-चार दिवस बाहेर. मी मशीनवर. तू आमच्या घरातली पहिली पदवीधर, तुझा तो काळ्या टोपीतला फोटो मशीनच्या वर टांगलाय. गिऱ्हाइकं विचारतात, ही कोण? मी सांगते, आमच्या घरातली अक्कल. तर आता ती जरा इकडे पाठव.

तुझी,
ताई


११ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी आमच्या ग्रंथालयात, बालविभागातल्या त्या बुटक्या खुर्चीत बसून वाचलं. गुडघे हनुवटीला लागत होते. दुपारी तिथे कुणी नसतं. काचेतून ऊन येतं आणि धुळीचे कण इतके सावकाश फिरतात की कुणीतरी त्यांना झोप आणतंय असं वाटतं. तिथेच मी जेवणाच्या सुट्टीत 'ढगबंदर'चे तीन भाग बघितले.

ताई, ते सुंदर आहे! दुसऱ्या भागात एक ढग दोर तोडून जातो. ती दिवेवाली त्याच्यामागे धावत नाही. नुसती शिडीवर बसते आणि त्याला ऐकू जाईल न जाईल इतक्या हळू आवाजात गुणगुणते. मी डबा उघडलाच नाही.

ज्या घरात असं काही कुणी बघितलेलं नाही, त्या घरात आपल्या मुलीने ते स्वतःचं स्वतः शोधलं. मला तर तिचा अभिमान वाटला. तेव्हा पहिली गोष्ट, काढून घेऊ नकोस. तिच्याशेजारी बस. हातात काजंबटणं घेऊन बस, पण बस. "हे काय खूळ" असं म्हणू नकोस, "ही कोण, ती अशी का वागली" असं विचार. मात्र डोळे उघडे ठेव. चित्रं सारखी दिसली तरी सगळ्या मालिका मुलांसाठी नसतात. काही चक्क मोठ्या माणसांसाठी काढलेल्या असतात. सुरू होण्याआधी वयाचा आकडा दिसतो, तो बघायचा. फोन बाहेरच्या खोलीत वापरायचा. आणि गटात खरं नाव, शाळा, घर, फोटो कुणालाही नाही.

मी इथे दर शनिवारी अशा पालकांची बैठक सुरू केली आहे. पहिल्या दिवशी नऊ जण आले. एक बाबा म्हणाले, "मॅडम, मुलगा जपानी बोलायला लागलाय, डॉक्टरला दाखवू का?" मी म्हटलं, आधी तो काय म्हणतोय ते त्यालाच विचारा. पुढच्या शनिवारी येऊन सांगतात, "तो मला गुड मॉर्निंग म्हणत होता हो!"

आणखी एक. चोरून तिचे मेसेज वाचू नकोस. विश्वास एकदा उसवला की पुन्हा टाका घातला तरी दिसतो, हे तुला मी सांगायला नको. त्या गटाचं मी माझ्या परीने बघते. कसं, ते विचारू नकोस. तू निर्धास्त राहा.

तुझी,
धाकटी


२३ एप्रिल

बाईसाहेब,

बसले तुमच्या सांगण्यावरून! पहिल्या दिवशी मला झोप लागली आणि भिंगरीने माझ्या हातातली सुई काढून उशीला टोचून ठेवली. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, लाव.

काय आहे गं ते! संध्याकाळी पडदे ओढून बसतो आम्ही. भिंतीवर फोनचा निळसर उजेड हलत असतो, मशीन गप्प असतं, कपडे खुंटीवर लटकलेले असतात आणि तेसुद्धा बघतायत असं वाटतं. काल त्या मुलीने ढगाच्या फाटक्या कडेला हातशिलाई घातली. मी मध्येच म्हटलं, "अगं, ढग तिरका कापलाय, असा टाका घातला तर ओढला जाणार!" भिंगरी हसून हसून लोळली. तिने ते गटात लिहिलं आणि म्हणे पन्नास जणांनी आईला नमस्कार कळवला. मी पदर सावरला, आता बोल.

आता ती सांगते, कोण कोण आहे तिकडे. 'चांदणवेल' नावाची एक चौदा वर्षांची मुलगी आहे, फार समजूतदार. शाळेत कुणी हिच्याशी बोलत नाही, ते हिने आधी मला नाही, त्या चांदणवेलीला सांगितलं. मला जरा लागलं. पण सांगायला कुणीतरी आहे, एवढं पुष्कळ. दुसरा एक 'कप्तान'. सोळा वर्षांचा आहे म्हणे, चित्रं फार छान काढतो, हिच्या चित्रांचं कौतुक करतो.

आणि सगळ्यात आनंदाची गोष्ट ऐक. भिंगरीला शिवणाची गोडी लागली! माझी टेप रोज जागेवरून गायब. परवा बघते तर आरशासमोर उभी राहून स्वतःची मापं घेतेय, पण टेप तिरकी. मी म्हटलं, "अशी नाही गं, राणी." तिला सगळं नीट शिकवलं, कुठे सैल धरायची, कुठे घट्ट. नवी वही दिली, वर तारीख घालून दिली. लाजली गं माझी पोर. कशासाठी विचारलं तर म्हणाली, दिवेवालीचा झगा करायचाय, गंमत आहे, आत्ता नको विचारू. मी नाही विचारलं. तूच म्हणालीस ना, विश्वास.

तुला साडी घ्यावी की पेढे द्यावेत, विचार करतेय.

ताई


२९ एप्रिल

ताई,

परवा पार्लरवालीच्या फोनवर तुला बोलावून घेतलं, तेव्हा मी एवढंच म्हणाले की भिंगरीने मापं कुणासाठी घेतली ते आजच विचार, ओरडू नकोस, आणि वही आपल्याजवळ ठेव. तू म्हणालीस, "तुला काय माहीत?" मी म्हटलं, "नंतर सांगते." पार्लरवाली बाजूला होती हे खरं, पण नसती तरी मला तोंडाने सांगता आलं नसतं.

चांदणवेल म्हणजे मी.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी त्या गटात शिरले. वय चौदा लिहिलं. वाटलं, मावशी म्हणून गेले तर ती अवघडेल, मैत्रीण म्हणून गेले तर तिच्याजवळ राहता येईल. कुणी वेडंवाकडं बोललं तर मी तिथे असेन. मला ते अगदी चांगलं वाटत होतं, ताई. शनिवारी बैठकीत मी पालकांना सांगायची की पडद्यामागे कोण आहे ते कुणालाच कळत नाही, आणि घरी येऊन चौदा वर्षांची व्हायची. आरसा समोर धरलेला असताना मला माझं तोंड दिसलं नाही.

ती मला मनातलं सांगायला लागली तेव्हाच थांबायला हवं होतं. थांबले नाही. तिचं लिहिणं इतकं गोड असतं. एकदा तिने लिहिलं, "दुपारी वर्गात मी एकटी असते तेव्हा बाकावरच्या रेघांमध्ये मला धक्का दिसतो, आणि वाटतं, आत्ता ढग येऊन लागेल." कुणाला सोडवेल गं हे वाचणं?

तुझं टेपचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने चांदणवेलीला सांगितलं की कप्तान तिला झगा शिवून पाठवणार आहे. त्याची कुणी ओळखीची शिवणारी आहे. म्हणून मापं हवीत, आणि माप घेताना काढलेला फोटोही, म्हणजे चूक होणार नाही. आणि हे आईला कळू द्यायचं नाही, कारण आईला आश्चर्याचा धक्का द्यायचाय.

मी चांदणवेल म्हणून लिहिलं, "नको पाठवूस." तिने विचारलं, "का?" चौदा वर्षांच्या मुलीकडे त्याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, पण मी तिथे नव्हतेच.

काय झालं ते कळव. माझ्याबद्दल काय म्हणायचं ते म्हण.

धाकटी


३ मे

धाकटे,

पेढे राहू दे.

तू फोन ठेवलास आणि मी घरी आले. भिंगरी खिडकीत बसली होती, वही मांडीवर. मी ओरडणारच होते. पण जे काही बोलेन त्याने फोन पुन्हा उलटा होईल, हे कळत होतं. मग मी कापड काढलं. तो निळा साटीनचा तागा, जो मी तिच्या मोठेपणासाठी ठेवला होता. टेबलावर पसरला. म्हटलं, "चल, तुझा झगा बेतू."

ती म्हणाली, "अगं, पण तो..."

मी म्हटलं, "झग्याला बाह्या नाहीत, कंबर नाही. खांद्यावरून सोडला की झाला. किती मापं लागतील, सांग बरं?" तिने विचार केला. "खांदा. उंची." मी म्हटलं, "आणि गळा. तीन. आता तुझ्याकडे किती मागितलीत?"

तिने वही बघितली. मग माझ्याकडे. मग पुन्हा वही. तिचे कान लाल झाले. म्हणाली, "आई, ह्यातली बाकीची झग्याला लागतच नाहीत."

"नाही लागत, बाळा."

"मग त्याला कशाला हवीत?"

मी, धाकटे, कात्री चालवत राहिले. तिचं तिलाच कळू दिलं. ते बघणं फार अवघड होतं. मग ती आली आणि माझ्या पाठीला डोकं लावून उभी राहिली. रडली. मी म्हटलं, तुझी काही चूक नाही, फोन काढून घेणार नाही, फक्त दाखव.

कप्तानाला खांदा आणि उंची पाठवून झाली होती. बाकी नाही. फोटो नाही. "आज संध्याकाळपर्यंत दे, नाहीतर दुसऱ्या मुलीला देईन झगा," असं त्याने सकाळीच लिहिलं होतं. तू एक दिवस उशीर केला असतास तर...

सगळ्या बोलण्याचे फोटो काढून ठेवले, पुसलं काही नाही. मग फोनवर त्याची वाट बंद केली. गट चालवणाऱ्यांना कळवलं, त्यांनी त्याला काढून टाकलं. पोलिसांच्या सायबरवाल्यांकडे दोघी गेलो. तिथली बाई चांगली होती. भिंगरीला म्हणाली, "तू नाही, तो घाबरायला पाहिजे."

आता तुझं. तू नसतीस तर मला कळलं नसतं, हे मी मान्य करते. शंभरदा मान्य करते. पण माझ्या पोरीशी दोन माणसं खोट्या नावाने बोलत होती, आणि त्यातलं एक माझं रक्ताचं होतं. शाळेत आपल्याशी कुणी बोलत नाही, हे तिने जिला सांगितलं ती मुलगीच नव्हती. हे तिला अजून माहीत नाही. चांदणवेल दिसत नाही म्हणून ती रोज गटात बघते. "तिला काही झालं नसेल ना?" असं मला विचारते. मी मशीन जोरात चालवते.

मी सांगणार नाही. तू सांग. कागदावर, स्वतःच्या अक्षरात. आणि शहाणपणा न करता.

ताई


९ मे

भिंगरी,

हे पत्र तुझी मावशी लिहिते आहे. चारदा लिहिलं, चारदा फाडलं. प्रत्येक वेळी मी फार चांगली दिसत होते.

चांदणवेलीला काही झालेलं नाही. ती नव्हतीच. ती मी होते. मी सव्वीस वर्षांची आहे. तुला माहीत आहे मी कशी दिसते, मी खोकते कशी, मला तिखट सोसत नाही. हे सगळं माहीत असलेल्या मुलीशी मी दोन आठवडे अनोळखी होऊन बोलले.

तुझ्या काळजीपोटी केलं, असं मी म्हणू शकते, आणि ते खोटं नाही. पण काळजी वाटते म्हणून कुणी दुसऱ्याचं वय घेऊन दुसऱ्याच्या मनात शिरू नये. कप्तान कोण होता ते आपल्याला माहीत नाही. त्याला काय हवं होतं ते माहीत आहे. मला ते नको होतं, मला तू सुखरूप हवी होतीस. तरी तुला हे ठरवू दिलं पाहिजे होतं की मनातलं कुणाला सांगायचं. ते मी तुझ्याकडून काढून घेतलं.

कप्तानाचं सोडलं तर तू मला जे लिहिलंस ते मी कुणाला दाखवलं नाही. शाळेतलं एकटेपण तू आपण होऊन आईला सांगितलं होतंस. बाकावरच्या रेघांमधल्या धक्क्याचं मात्र मी तिला एका पत्रात लिहिलं, फार आवडलं म्हणून. तेही लिहायला नको होतं.

चांदणवेलीचं खातं मी बंद केलं आहे. शनिवारच्या बैठकीत माझं सगळं सांगितलं, तुझं नाव-गाव न घेता. दोन आया उठून गेल्या. एकीने जाताना म्हटलं, "आम्ही तुमच्याकडून शिकायला येत होतो." जपानी बोलणाऱ्या एका मुलाचे बाबा मात्र बसून राहिले. म्हणाले, "मॅडम, मीही मुलाच्या गटात शिरलोय हो, ड्रॅगन म्हणून. आज निघतो."

तू उत्तर दिलं नाहीस तर मी समजेन. तू कधी बोलायला आलीस तर मी मावशीच असेन, चोवीस तास, ह्याच वयाची.

तुझी,
मावशी


२६ मे

मावशी,

मी चिडले आहे. हे आधी लिहिते, म्हणजे तुला शेवटपर्यंत आशा नको.

मी चांदणवेलीसाठी चित्र काढत होते. तीन दिवस लागले होते. ते फाडलं, मग चिकटवलं, मग पुन्हा फाडलं. आई म्हणाली, मावशीला दे. मी म्हटलं, मावशीसाठी नव्हतं.

ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण होती. मला हेच कळत नाही, की मग आता मी कुणावर रुसू? जिच्यावर रुसायचं ती नाहीच. आणि तुझ्यावर रुसले तरी तू रात्रभर जागून पत्र फाडत बसशील, म्हणजे मला नीट रुसताही येत नाही. हे अन्यायाचं आहे.

तुला सांगितलं असतं का मी ते सगळं, मावशी म्हणून? नसतं सांगितलं. तू लगेच पुस्तकं पाठवली असतीस. खरं सांग, पाठवली असतीस ना?

आता ऐक. हे तुला लिहायचं नव्हतं, पण आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला मापातलं कळतं, ह्यातलं तुझ्या मावशीला विचार." आमच्या गटात एक नवीन मुलगी आली आहे. वय बारा लिहिलंय, पण ती नऊचीच असणार, ती पावणेआठला "आता दूध प्यायला जाते" असं लिहिते. काल तिने मला विचारलं की एक दादा म्हणतोय, तुझा गणवेशातला फोटो दे, मी तुझं ढगबंदरमधलं चित्र काढतो, देऊ का? मी म्हटलं, थांब, काही देऊ नकोस, मी चित्र काढते तुझं, फोटो न बघता. तिने मान्य केलं. गट चालवणाऱ्यांनाही मी कळवलं. त्यांनी त्या दादाला अजून काढलेलं नाही. चौकशी करतो म्हणाले.

पण मला तिच्या घरचं कुणी माहीत नाही. मी तिला विचारलं, घरी कुणाला सांगतेस का? ती म्हणाली, आई ओरडेल, फोन घेईल. मी काय सांगू तिला? मी तिला खोटं काही सांगणार नाही, मी तेराची आहे हे तिला माहीत आहे. तिचा पत्ता विचारणंही बरोबर नाही, मग मीही तसलीच झाले. ती रोज विचारते, "निळाई ताई, तू आहेस ना?" मला कुणी ताई म्हणायची पहिलीच वेळ आहे. मला भीती वाटते, मावशी.

तिने तिच्या आईला कसं सांगावं, तेवढं तू लिहून दे. सोप्या भाषेत, नऊ वर्षांच्या मुलीला म्हणता येईल असं. मी तिला सांगेन की हे माझ्या मावशीने लिहिलंय, ती सव्वीस वर्षांची आहे.

मी अजूनही चिडलेलीच आहे. पत्र नको पाठवूस, त्याला फार दिवस लागतात. ह्या पानाचाही फोटो काढून तुला फोनवर पाठवतेय. आज सहा वाजता फोन कर, लिहिलेलं वाचून दाखव. मी उचलीन.

भिंगरी